डिस्क फेकण्यापूर्वी दोरी पाहा

द्वितीय वर्ष, कला

कला शाखेच्या विद्यार्थिनीने हार्ड डिस्क आणि कंट्रोलर या विषयावर लेख लिहावा, याचे वाचकांना नवल वाटेल. आमच्या इतिहासाच्या सरांना मात्र वाटणार नाही, कारण मला या उद्योगाला त्यांनीच लावले. मी यंत्रशास्त्र शिकलेली नाही. जे शिकले ते गरजेपोटी, आणि बरेचसे चुकून शिकले. माझ्या चुका वाचून एखाद्या मित्राची किंवा प्राध्यापकांची साठवलेली माहिती वाचली, तर या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.

मी कुंभारीला राहते. सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले की आमचे गाव येते. येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाची विडी कामगार स्त्रियांची १०,००० घरांची वसाहत आहे. २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ही घरे कामगारांच्या हवाली झाली. पुढे याच कुंभारीत रे नगर उभे राहिले आणि तेथील पहिली १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते कामगारांना मिळाली. माझा आणि आमच्या वसाहतीचा जन्म जवळपास एकाच सुमाराचा. माझी अम्मा विड्या वळते, वडील चादरीच्या कारखान्यात यंत्रमागावर होते. घरी आम्ही तेलुगू बोलतो, शाळेपासून मराठी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली.

गेल्या वर्षी सरांनी प्रकल्प दिला : आपल्या वस्तीचा इतिहास वस्तीतील माणसांच्या तोंडून ऐका आणि तो ध्वनिमुद्रित करा. मी सत्तावीस बायकांच्या मुलाखती घेतल्या. शहरातल्या एका खोलीत दोन-दोन संसार कसे होते, मोर्च्याला जाताना सूप आणि पाने शेजारणीकडे कशी ठेवली, घराचा हप्ता कसा साठवला, हे त्यांनी सांगितले. जुने फोटो, विडी कामगारांची ओळखपत्रे, हप्त्याच्या पावत्या यांची छायाचित्रेही मी घेतली. फोनमधली जागा संपत आली, तेव्हा सगळे एका डिस्कवर हलवले आणि फोनमधले पुसून टाकले. माझी पहिली चूक हीच. आमच्या गल्लीतील सर्वांत वयस्कर आजी मुलाखतीनंतर दोन महिन्यांनी वारल्या. त्यांचा आवाज आता फक्त त्या डिस्कवर होता.

आणि दिवाळीच्या सुट्टीत ती डिस्क दिसेनाशी झाली.

घरातला सर्व्हर म्हणजे काय?

सर्व्हर म्हटले की काचेच्या थंडगार खोलीतील कपाटे डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात सर्व्हर म्हणजे मागेल त्याला मागेल ते आणून देणारा संगणक. त्याच्यासमोर कोणी बसत नाही. तो कोपऱ्यात चालू राहतो आणि घरातील फोन, लॅपटॉप त्याच्याकडून आपापल्या फाइली घेतात. माझा सर्व्हर म्हणजे एका कार्यालयाने काढून टाकलेला जुना संगणक. शिष्यवृत्तीच्या पैशातून साडेचार हजारांना तो घेतला. त्यावर डेबियन ही लिनक्सची मोफत प्रणाली बसवली आणि तो शिलाई मशीनच्या शेजारी ठेवून दिला.

अडचण एकच होती. त्याच्या मदरबोर्डवर डिस्क जोडण्याच्या जागा, म्हणजे साटा पोर्ट, फक्त दोन. एकावर प्रणालीची छोटी डिस्क, दुसऱ्यावर एक मोठी. मला आणखी दोन डिस्क जोडायच्या होत्या. म्हणून मी बाजारातून सर्वांत जास्त पोर्ट असलेले सर्वांत स्वस्त कार्ड मागवले. ही माझी दुसरी चूक.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी दोन डिस्क एकदम नाहीशा झाल्या. संगणक बंद करून चालू केला तर परत आल्या आणि तासाभराने पुन्हा गेल्या. मी घाबरून एका दुकानात विचारले. दुकानदार म्हणाला, "डिस्क गेली, नवी घ्या." घरी येऊन मी रडकुंडीला आले होते. वडिलांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "चादरीत फूल चुकलं तर आम्ही पहिल्यांदा कार्ड फेकतो का?"

चादर, कार्ड आणि डिस्क

वडिलांचा हा प्रश्न समजण्यासाठी सोलापुरी चादरीचा माग डोळ्यांसमोर आणावा लागेल. चादरीवरची फुले, मोर, वेलबुट्टी जॅकार्डमुळे उमटतात. फ्रान्समधील जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास हे यंत्र सिद्ध केले. भोके पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे एकापुढे एक ओवून त्यांची माळ केलेली असते. कार्डात भोक असेल तेथे सुई आत शिरते आणि तिच्याशी जोडलेला उभा धागा उचलला जातो. भोक नसेल तर धागा खालीच राहतो. भोक आहे किंवा नाही, एवढ्या दोनच अक्षरांत साऱ्या चादरीची नक्षी लिहिलेली असते. भोकांची हीच युक्ती हर्मन हॉलरिथ याने १८९० च्या अमेरिकन जनगणनेत माणसे मोजण्यासाठी वापरली. त्याची कंपनी पुढे इतर कंपन्यांत विलीन होऊन १९२४ साली आयबीएम या नावाने ओळखली जाऊ लागली. त्याच आयबीएमने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि सगळ्यांवर मिळून सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. आज फोनमधल्या एका चांगल्या फोटोला तेवढी जागा लागते.

आजच्या डिस्कमध्येही भोक आहे की नाही हीच भाषा आहे. फक्त भोकाऐवजी चुंबकत्वाची दिशा असते. गुळगुळीत तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. त्यांच्यावरून वाचणारे डोके काही नॅनोमीटर अंतर राखून तरंगते. तेवढ्या फटीत धुळीचा कणही मावत नाही. म्हणून डिस्क घरी उघडून पाहणे म्हणजे तिची हत्या करणे होय.

आता वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर. चादरीत फूल चुकले तर कार्ड फाटलेले असेल, पण सुई वाकलेलीही असू शकेल, दोरी सैल झालेली असू शकेल, किंवा अख्खा जॅकार्डच नीट बसलेला नसेल. कार्ड नव्याने पाडून घेणे हे सर्वांत खर्चाचे काम, म्हणून विणकर आधी दोरी पाहतो. डिस्कचेही असेच आहे. डिस्कवरची माहिती आपल्यापर्यंत येण्यास चार टप्पे लागतात : वीज, केबल, कंट्रोलर आणि स्वतः डिस्क. दोष चारांपैकी कोठेही असू शकतो. बाहेरून मात्र एकच दिसते, की डिस्क दिसत नाही.

कंट्रोलर कोणता निवडावा?

कंट्रोलर म्हणजे डिस्क आणि संगणक यांच्यामधील दुभाषा. संगणकाने मागितलेली फाइल डिस्कवर कोठे आहे ते विचारणे, आणणे, वाटेत चूक झाली तर पुन्हा मागणे ही त्याची कामे. घरगुती सर्व्हरसाठी निवडीचे चार मार्ग दिसतात.

पहिला मार्ग मदरबोर्डवरच्या पोर्टांचा. ते फुकटचे, थंड आणि बहुधा सर्वांत भरवशाचे. संगणक निवडतानाच चार-सहा पोर्ट असलेला पाहावा. मी हे आधी केले असते तर पुढचा खटाटोप वाचला असता. जुन्या संगणकाच्या सेटिंगमध्ये साटा पोर्ट ‘आयडीई’ पद्धतीवर ठेवलेले आढळतात. नवी प्रणाली बसवण्यापूर्वी ते ‘एएचसीआय’ वर आणावेत.

दुसरा मार्ग यूएसबी पेटीचा. डिस्क पेटीत घातली आणि यूएसबीला जोडली की झाले. कधीमधी प्रत काढण्यासाठी हे उत्तम. परंतु रात्रंदिवस चालणाऱ्या सर्व्हरसाठी मन घट्ट करून नको म्हणावे. पेटीतील दुभाषा कधी मध्येच संपर्क तोडतो, आणि काही पेट्या डिस्कच्या प्रकृतीची माहिती पुढे येऊच देत नाहीत. रोग्याची नाडी पाहू न देणाऱ्या नातेवाइकासारखे हे वागणे आहे.

तिसरा मार्ग साटाच्या छोट्या कार्डाचा. येथे पोर्टांची संख्या न पाहता आत कोणती चिप आहे ते पाहावे. एएसएम १०६४ या चिपला स्वतःचे चार पोर्ट असतात, जेएमबी ५८५ ला पाच, एएसएम ११६६ ला सहा. यापेक्षा बरेच जास्त पोर्ट दाखवणारे स्वस्त कार्ड दिसले तर सावध व्हावे. त्यात बहुधा ‘पोर्ट मल्टिप्लायर’ असतो, म्हणजे एका नळाला तोट्या काढून केलेले चार नळ. एका डिस्कने हूं की चूं केले नाही, की कंट्रोलर तो सगळा नळ बंद करून पुन्हा उघडतो आणि त्यावरच्या बाकीच्या डिस्कही क्षणभर नाहीशा होतात. माझ्या दोन डिस्क एकदम का जात होत्या, हे मला येथे उमगले.

चौथा मार्ग कंपन्यांच्या मोठ्या सर्व्हरमधून निघालेल्या एचबीए कार्डाचा. एलएसआय ९२११-८आय हे त्यातले जुने आणि लोकप्रिय नाव. दोन जाड केबलींतून प्रत्येकी चार, म्हणजे एकूण आठ डिस्क त्याला जोडता येतात. परंतु ते घेताना ‘आयटी मोड’ मध्ये आहे का ते विचारावे. त्या मोडमध्ये कार्ड प्रत्येक डिस्क जशी आहे तशी संगणकाला दाखवते. हीच कार्डे मोठ्या सर्व्हरमधल्या वाऱ्याच्या झोतात राहण्यासाठी बनवलेली असतात. घरच्या बंद पेटीत ती तापतात, म्हणून त्यांच्यावर वेगळा छोटा पंखा बसवावा लागतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात, जेथे पारा चाळिशी ओलांडतो, हा पंखा ऐच्छिक नव्हे.

‘रेड’ नावाच्या कार्डांविषयीही दोन शब्द सांगते. ही कार्डे अनेक डिस्क एकत्र बांधून संगणकाला एकच मोठी डिस्क असल्याचे भासवतात. बांधणी कशी केली ती खूण कार्डाची कंपनी आपल्या पद्धतीने लिहिते. ते कार्ड गेले की डिस्क धडधाकट असूनही त्या वाचण्यासाठी तशाच जातीचे कार्ड शोधत फिरावे लागते. त्यापेक्षा लिनक्समध्ये सॉफ्टवेअरने जोडी बांधावी. मग डिस्क काढून दुसऱ्या कोणत्याही लिनक्स संगणकाला लावल्या तरी वाचता येतात.

वेगाचा मोह कितपत धरावा, याचा हिशेब सोपा आहे. एक हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १५० ते २०० मेगाबाइट देते. जुन्या संगणकातील पीसीआय एक्स्प्रेस २.० च्या एका मार्गिकेतून सुमारे ५०० मेगाबाइट जातात. त्या कार्डावर चार डिस्क एकाच वेळी धावू लागल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला १२५ येतात. वाटणी कमी वाटेल, पण घरातील एक गिगाबिटच्या नेटवर्कमधून सेकंदाला ११५ मेगाबाइटच्या आसपासच जाते. गल्लीचे तोंडच अरुंद असेल तर आत बैलगाडी असो की मोटार, बाहेर पडण्याचा वेग तोच. म्हणून घरच्या सर्व्हरला कंट्रोलर घेताना वेगाला पैसे देऊ नयेत, भरवशाला द्यावेत.

दोष शोधण्याचा क्रम

वडिलांच्या बोलण्यानंतर मी वही घेतली आणि एक नियम लिहिला : एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय बदलले ते लिहायचे. चार गोष्टी एकदम बदलल्या तर यंत्र कदाचित चालू होईल, परंतु दोष कशात होता ते कधीच कळणार नाही.

आरंभ विजेपासून करावा. साडेतीन इंची डिस्क फिरू लागताना १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर, म्हणजे २४ वॅट ओढते. फिरू लागल्यावर ती थोडक्यावर भागवते. तीन डिस्क एकदम उठल्या की ७० वॅटचा झटका बसतो. जुना पॉवर सप्लाय थकलेला असेल किंवा तिन्ही डिस्क एकाच स्वस्त जोडणीवर टांगलेल्या असतील, तर एखादी डिस्क उठतच नाही. जुन्या चार पिनांच्या जोडणीवरून साटाची वीज काढणारे अखंड साच्यात ओतलेले प्लॅस्टिकचे कनेक्टर टाळावेत. त्यांच्यातील तारा एकमेकींना चिकटून वितळण्याचे आणि पेट घेण्याचे प्रकार झालेले आहेत. मी डिस्क वेगवेगळ्या तारांवर विभागल्या. फरक पडला नाही. वहीत लिहिले : वीज निर्दोष.

नंतर केबल. येथे डिस्क स्वतः आपल्याला मदत करते. प्रत्येक डिस्क ‘स्मार्ट’ नावाची दैनंदिनी ठेवते आणि स्मार्टमॉनटूल्स या मोफत साधनाने ती वाचता येते. त्यात क्रमांकवार नोंदी असतात. सगळ्या पाहून घाबरू नये, चार महत्त्वाच्या आहेत. १९९ क्रमांकाची नोंद म्हणजे डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधल्या प्रवासात किती वेळा मजकूर बिघडला. हा आकडा वाढत असेल तर दोष बहुधा केबलीत किंवा सैल जोडणीत असतो, तबकडीत नव्हे. माझ्या एका डिस्कवर तो २१२ होता. केबल बदलली. दुसऱ्या दिवशी पाहते तो २१२ च! माझे तोंड उतरले. मग कळले की हा आकडा कधीच खाली येत नाही. तो जुन्या चुकांचा हिशेब आहे. पाहायचे एवढेच, की तो पुढे वाढतो का. आठवड्यानंतरही तो २१२ च राहिला. पन्नास-साठ रुपयांच्या केबलीने एक डिस्क वाचली. दुकानदाराचे ऐकले असते तर एक निरोगी डिस्क भंगारात गेली असती.

तिसरा टप्पा कंट्रोलर. त्याची परीक्षा अदलाबदलीने होते. कार्डावरची डिस्क मदरबोर्डच्या पोर्टावर लावली, मदरबोर्डवरची कार्डावर. दोष डिस्कबरोबर गेला तर डिस्क दोषी, कार्डापाशीच राहिला तर कार्ड दोषी. मदरबोर्डवर आणलेली डिस्क रात्रभर गेली नाही, कार्डावर गेलेली मात्र दोन तासांत गेली. निकाल लागला. ते स्वस्त कार्ड काढून मी एएसएम ११६६ चिपचे कार्ड बसवले.

सर्वांत शेवटी डिस्क. येथे ५, १९७ आणि १९८ या नोंदी पाहाव्यात. त्यांचा अर्थ मला अम्माच्या कामावरून समजला. अम्मा हजार विड्या देते तेव्हा कारखान्यात त्यांतल्या काही ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या जातात. ती भर निघावी म्हणून ती काही विड्या जास्तच वळून नेते. डिस्कनेही अशी काही जागा राखून ठेवलेली असते. एखादा तुकडा खराब निघाला की डिस्क त्याची छाट करते आणि राखीव तुकडा त्याच्या जागी लावते. किती तुकडे असे बदलले ते ५ क्रमांकाला लिहिलेले असते. १९७ म्हणजे ज्यांचे वाचन होत नाही, पण छाट करावी की नाही हे अद्याप ठरलेले नाही असे तुकडे. १९८ म्हणजे डिस्कने स्वतः केलेल्या तपासणीत न वाचता आलेले तुकडे.

वारलेल्या आजींची मुलाखत जिच्यावर होती, त्या डिस्कच्या १९७ क्रमांकापुढे ८ हा आकडा होता. म्हणजे केबलीचा आणि कार्डाचा दोष खरा होता, पण त्यांच्या आड हा तिसरा दोष लपला होता. चादरीची दोरीही सैल होती आणि कार्डही फाटलेले होते.

आधी प्रत, मग परीक्षा

येथे मी तिसरी चूक करता करता वाचले. फाइलींची व्यवस्था दुरुस्त करणारा आदेश मी टंकित केला होता, फक्त कळ दाबायची बाकी होती. त्याच वेळी वीज गेली. वीज गेल्याबद्दल आयुष्यात मी प्रथमच आभार मानले. अंधारात बसून फोनवर वाचत गेले, तेव्हा कळले की आजारी डिस्कवर काहीही लिहायचे नसते. दुरुस्तीचा आदेशही लिहितो. दीर्घ तपासणीसुद्धा तिला दमवते. आधी मिळेल तेवढ्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, मग प्रतीवर काय ते प्रयोग करावेत.

अशी प्रत घेण्यासाठी डीडीरेस्क्यू नावाचे मोफत साधन आहे. साधी प्रत काढताना खराब जागा आली की संगणक तेथेच डोके आपटत बसतो. हे साधन शहाण्या विद्यार्थ्यासारखे वागते. आधी येणारे सगळे प्रश्न सोडवते, अडलेले सोडून पुढे जाते, आणि शेवटी उरलेल्या वेळात अडलेल्यांकडे परत येते. कोठवर आलो याची नोंद ते वेगळ्या फाइलीत ठेवते, म्हणून मध्येच वीज गेली तरी पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागत नाही. आमच्याकडे हा गुण फार मोलाचा. मात्र डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर हाही उद्योग करू नये. तो डोक्याचा बिघाड असतो. त्या वेळी डिस्क ताबडतोब बंद करून, माहिती तितकी मोलाची असेल तर जाणत्या प्रयोगशाळेकडे द्यावी. डिस्क फ्रिजमध्ये ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. बाहेर काढताच आत दव धरते.

नवी डिस्क घेण्यासाठी अम्माने साठवलेले पैसे दिले. डिस्क घेताना दुकानात आणखी एक गोष्ट विचारावी : डिस्क सीएमआर आहे की एसएमआर? एसएमआरमध्ये कौलांसारखे पट्टे एकमेकांवर चढवलेले असतात. जागा वाढते, पण एक पट्टा पुन्हा लिहायचा तर शेजारचेही लिहावे लागतात. जोडी बांधलेल्या सर्व्हरमध्ये अशी डिस्क फार रेंगाळते. काही डिस्क या जातीच्या असल्याचे मोठ्या कंपन्यांनी ग्राहकांना स्पष्ट सांगितले नव्हते, हे २०२० साली उजेडात आले.

प्रत काढणे रात्रभर चालले. पहाटे अम्मा सूप घेऊन बसली तेव्हा पडद्यावर शेवटचा आकडा आला. सगळी डिस्क वाचली गेली होती, फक्त ४,०९६ अक्षरे सोडून. न वाचता आलेले आठ तुकडे प्रत्येकी ५१२ चे, मिळून तेवढेच. ते कोठे असावेत, हे एकेक फाइल तपासून मी शोधले. ते आजींच्या मुलाखतीतच निघाले. त्या ध्वनिमुद्रणात सेकंदाला १६,००० अक्षरे खर्च होतात, म्हणजे गेला तो जेमतेम पाव सेकंद. नव्या घराची किल्ली हातात आली त्या दिवसाविषयी आजी बोलत होत्या. ‘त्या रात्री मी झोपलेच नाही’ या वाक्यातील शेवटचा शब्द आता तुटतो. अर्थ कळतो, पण आवाज कडेला फाटल्यासारखा येतो. मी त्यांच्या सुनेला ते ऐकवले. ती म्हणाली, "एवढं राहिलं ना, पुष्कळ झालं." तिला पुष्कळ वाटले. मला मात्र तो पाव सेकंद अजून ऐकू येतो.

दैनंदिनीवर किती विसंबावे?

कोणी म्हणेल, रोज स्मार्टची नोंद पाहिली असती तर हे टळले असते. थोडेफार टळलेही असते. २००७ साली गूगलच्या तीन अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिला दोष दाखवणारी डिस्क पुढील साठ दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट असल्याचे त्यांना आढळले. तेव्हा १९७ किंवा १९८ पुढे आकडा दिसला की उद्यावर ढकलू नये. परंतु त्याच अभ्यासातील दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक, ५६ टक्के डिस्कनी सर्वांत ठळक अशा चार लक्षणांपैकी एकही आधी दाखवले नव्हते. ही दैनंदिनी कधी आधी हाक मारते, कधी मारत नाही. तिच्यावर विसंबून एकच प्रत ठेवणे म्हणजे भरवशाच्या म्हशीला टोणगा.

जोडी बांधलेल्या डिस्कही याला पर्याय नव्हेत. जोडीतील एक डिस्क मेली तर दुसरी काम चालवते, हे खरे. पण मी चुकून फाइल पुसली, तर ती दोन्हींवरून त्याच क्षणी पुसली जाते. जोडी म्हणजे काम न थांबण्याची सोय, प्रत म्हणजे वेगळ्या जागी ठेवलेली दुसरी वस्तू. जाणकारांचा नियम असा : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक घराबाहेर. आता आजींचा आवाज आमच्या सर्व्हरवर आहे, आमच्या इतिहास विभागातील संगणकावर आहे, आणि एका पेनड्राइव्हवर भिवंडीच्या मावशीकडे आहे. दर दिवाळीला प्रती उघडून ऐकायच्या असे मी ठरवले आहे, कारण न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेले पैसे.

मित्रहो, आपल्या घरांतील कागद पेटीत असत. पेटी दिसे, तिला वाळवी लागली तर तीही दिसे. आता आपल्या आईवडिलांचे आवाज, जमिनीचे उतारे, आपले निकाल आणि फोटो अशा जागी गेले आहेत की त्यांची वाळवी डोळ्यांना दिसत नाही. ती पाहण्याची विद्या फार अवघड नाही. एक वही हवी, एका वेळी एकच बदल करण्याचा संयम हवा, आणि कळ दाबण्यापूर्वी प्रत काढण्याची सवय हवी. मी यातले काही कॉलेजात शिकले, काही अम्माच्या सुपापाशी, आणि सर्वांत महत्त्वाचे जे, ते चौथी शिकलेल्या वडिलांकडून.

परवा आमच्या सर्व्हरवर पुन्हा एक डिस्क दिसेनाशी झाली. वडील खाटेवरून म्हणाले, "दोरी पाहिलीस का?" पाहिली. साफसफाई करताना केबल निघाली होती.